गणेशपट्टी कोरायची आहे? आधी लाकूड सुकू द्या

पट्टी दारावर चढून वर्षही होत नाही आणि मधोमध तडा जातो. सोंडेचं टोक उडतं. पॉलिश केलेल्या अंगावर पावसाळ्यात पांढरट झाक येते. गावात सुतारकी करणारे आणि आता कोरीवकामाकडे वळलेले तरुण बहुतेक याच तीन गोष्टी घेऊन येतात आणि विचारतात, ‘हात अजून बसला नाही, म्हणून होतंय का?’ त्यांचे हात चांगले असतात. बिघाड कामाच्या क्रमात असतो. लाकूड ओलं असताना रेखाटन झालेलं असतं, पार्श्वभूमी खाली जायच्या आधी डोळे कोरलेले असतात आणि दर सांगताना स्वतःची मजुरी धरलेलीच नसते.

म्हणून इथे एकच वस्तू धरून चालू : दाराच्या चौकटीवर बसणारी उठावाची गणेशपट्टी. सागवानाची, ४२ इंच लांब, ७ इंच रुंद, दीड इंच जाड. मधे गणपती, दोन्ही बाजूंना वेल, कडेने साधी किनार. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की देव्हाऱ्याची महिरप, चौरंगाची पट्टी, झोपाळ्याची पाठ ही सगळी कामं त्याच वाटेने जातात.

टप्पा १ : लाकूड निवडणं आणि त्याचे कागद

दाराच्या पट्टीसाठी सागवान किंवा फणस घ्या. शिवणही उत्तम. ती हलकी असते, सुकल्यावर फारशी हलत नाही, म्हणजे वाकत-आकसत नाही, आणि पटाशीखाली (कोरायच्या छिन्नीखाली) लोण्यासारखी कापते. शिकणाऱ्याने पहिल्या दोन-तीन पट्ट्या शिवणीच्याच कराव्यात असं माझं ठाम मत आहे. सागात सिलिका (वाळूतलं खनिज) असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते आणि नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाही. पांगारा आणि सावर मुखवटे, बाहुल्या यांना ठीक. दारावर ते टिकत नाहीत, भुंगा लगेच लागतो.

फळी हातात घेतल्यावर आधी तिची टोकं बघा. टोकावर झाडाची वर्तुळं दिसतात. ती फळीच्या जाडीत उभी असतील तर ती फळी घ्या, दर थोडा जास्त असला तरी. वर्तुळं कमानीसारखी आडवी असतील तर फळी सुकताना सालीच्या बाजूला वाटीसारखी खोलगट होते. बुंध्याच्या मधोमधचा भेंड, म्हणजे मऊ गाभा, फळीत आला असेल तर ती घेऊ नका, तडा तिथूनच सुरू होणार. कडेचा पांढरा भाग तासून टाकायचा हे मापात आधीच धरा. सात इंची पट्टी रंधण्याआधी साडेसात इंच रुंद हवी असेल तर नऊ इंची फळी लागते ती यामुळेच.

जुन्या घराच्या मोडीतलं सागवान मिळालं तर सोडू नका. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड हलत नाही. फक्त त्यावरून चुंबक फिरवा. आत तुटलेला एक खिळा राहिला तर दिवसभर लावलेली धार एका ठोक्यात जाते.

सावध : स्वतःच्या परसातला साग, फणस किंवा आंबा असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ही झाडं आहेत. तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा आणि लाकूड हलवायचं असेल तर वाहतुकीच्या पासाचं तिथेच विचारून घ्या. वखारीतून घेत असाल तर पक्कं बिल मागा आणि जपून ठेवा. उद्या पट्टी पुण्याला पाठवताना वाटेत कुणी गाडी थांबवली, तर तेच बिल उपयोगी पडतं.

टप्पा २ : सुकवणं

सगळ्यात जास्त घाई इथे होते. ऑर्डर आली, वखारीत गेलो, फळी आणली आणि दुसऱ्या दिवशी कोरायला बसलो. वखारवाला ‘सुकीच आहे’ म्हणतो, पण त्याची सुकी म्हणजे वरून सुकी.

हवेवर सुकवताना एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा ढोबळ हिशोब धरा. दोन इंची फळीला दोन पावसाळे पाहावे लागतात. म्हणजे ऑर्डर आल्यावर लाकूड आणायचं नसतं. दरवर्षी थोडं थोडं लाकूड आणून रचून ठेवायचं आणि दोन वर्षांपूर्वीचं काढायचं. ज्याच्या माळ्यावर फळ्या सुकत पडल्यात त्याचंच कोरीवकाम पोट भरतं, बाकीचे तडे भरत बसतात.

रचण्याची पद्धत अशी :

१. फळ्या आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण फासा. टोकातून पाणी सगळ्यात वेगाने निघतं, म्हणून चिरा तिथून पडतात.

२. जमिनीपासून किमान एक फूट उंच, सपाट आधारावर पहिली फळी ठेवा. पडवी किंवा माळा उत्तम. ऊन आणि चुलीचा थेट शेक नको.

३. प्रत्येक दोन फळ्यांमधे एक इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या, दर दीड ते दोन फुटांवर. खालपासून वरपर्यंत या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. त्या इकडेतिकडे झाल्या की फळ्या लाटेसारख्या वाकतात.

४. वर वजन ठेवा. जांभ्याचे चार-पाच चिरे पुरतात.

सुकलं की नाही हे कळायला आर्द्रतामापक मिळतं, चार जणांत मिळून घेतलं तर जड जात नाही. ते नसेल तर किराणावाल्याचा काटा पुरतो. रचलेल्यातली एक फळी दर आठवड्याला वजन करा आणि तारीख व वजन तिच्याच अंगावर खडूने लिहा. एकाखाली एक आकडे पडत जातात, आधी भराभर उतरतात, मग रेंगाळतात. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही, तर ती फळी तुमच्या हवेपुरती सुकली.

‘तुमच्या हवेपुरती’ हे शब्द नीट धरा. कोकणात लाकूड १२ ते १४ टक्के ओलाव्यावर थांबतं. तीच पट्टी नागपूरच्या घरात एप्रिलमधे गेली की आणखी सुकणार, आकसणार आणि चिरणार. गिऱ्हाईक घाटावरचं असेल तर फळी कोरण्याआधी महिनाभर बंद, कोरड्या खोलीत ठेवा आणि मापकावर ८ ते १० टक्के येऊ द्या.

तपासा : फळी रंधून मापाला आणल्यावर लगेच रेखाटू नका. आठवडाभर घरात उभी ठेवा. मग तिच्यावर सरळ पट्टी टेकवून खालून उजेड दिसतो का पाहा. वाकली असेल तर पुन्हा रंधा. ही वाक कोरल्यानंतर काढता येत नाही.

टप्पा ३ : हत्यारं आणि धार

सुरुवातीला तीस पटाश्यांचा संच घेऊ नका. पट्टीला एवढ्या पुरतात : सपाट पटाशी पाव, अर्धा आणि एक इंच, गोल पटाशी तीन, त्यांतली एक जवळजवळ सपाट, एक मध्यम आणि एक खोल, एक व्ही आकाराची, आणि पार्श्वभूमी साफ करायला मान वाकवलेली एक. सोबत मोगरी (ठोकायचा हातोडा), गुण्या (काटकोन), खतावणी (कडेला समांतर रेघ मारायचं साधन), कंपास आणि फळी आवळायला दोन शिकंजे. मोगरी लाकडीच हवी. लोखंडी हातोडीने मुठी फुटतात आणि ठोक्याचा अंदाज हाताला येत नाही.

गावातला लोहार गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून चांगल्या पटाश्या काढून देतो. त्याला नमुना म्हणून पुठ्ठ्यावर गोलाई कापून द्या, तोंडी सांगू नका. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून, बुडवून कठीण केल्यावर, त्या पटाशीची कड सागाच्या गाठीवर दोन-चार ठोके मारून बघा. कड तुटली तर पाणी जास्त झालं, दुमडली तर कमी. दोन्ही वेळा परत द्या.

धारेचा कोन सागाला २५ ते ३० अंश, शिवणीसारख्या मऊ लाकडाला २० ते २५. विजेच्या चाकावर धार काढत असाल तर पटाशी दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, तो भाग घासून टाकल्याशिवाय धार टिकणार नाही. चाकानंतर दगड, दगडानंतर फळीवर चिकटवलेला चामड्याचा पट्टा. गोल पटाशी दगडावर पुढेमागे नुसती ओढायची नाही, ओढताना मनगटातून फिरवायची. नाहीतर मधली धार खोल होते आणि दोन्ही कोपरे पुढे राहतात.

तपासा : मऊ लाकडाच्या तुकड्यावर रेषांना, म्हणजे लाकडाच्या धाग्यांना, आडवा काप घ्या. काप चकचकीत, गुळगुळीत आला तर धार बरोबर. पांढरट ओरखडा दिसला तर पुन्हा पट्ट्यावर. काम सुरू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्यावर चार ओढ्या द्याव्यात. ‘अजून चालतंय’ म्हणून ओढत राहिलं की जोर वाढतो आणि पटाशी निसटते.

सावध : फळी शिकंज्यात आवळल्याशिवाय एकही काप नको. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने कोरणाऱ्याचा डावा तळवा कधी ना कधी फाटतोच.

टप्पा ४ : आराखडा

मोबाइलवरचं चित्र बघत थेट लाकडावर काढू नका. पूर्ण मापाचा कागद घ्या, ४२ बाय ७ इंच. आधी मधली उभी रेघ, मग किनार, मग गणपतीचा चौकोन, मग वेल. वेलीची एकच बाजू काढा, कागद मधोमध दुमडून दुसरी बाजू उतरवा. दोन बाजू वेगवेगळ्या काढल्या तर त्या कधीच जुळत नाहीत, आणि दारावर मान वर करून बघणाऱ्याच्या ते पहिल्यांदा लक्षात येतं.

गिऱ्हाइकाला सोंड विचारा. डाव्या सोंडेचा म्हणजे सोंड गणपतीच्या स्वतःच्या डाव्या हाताकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे. बहुतेक घरांना हाच हवा असतो. इथे दोन चुका होतात. एक, विचारलंच नाही. दुसरी, ट्रेसिंग पेपर उलटा पडला आणि डाव्याचा उजवा झाला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘वर’ आणि ‘पुढची बाजू’ असं ठळक लिहून ठेवा. आराखड्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा आणि ‘चालेल’ असं लेखी आल्याशिवाय लाकडाला हात लावू नका.

आता त्याच कागदावर खोली लिहा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. पोट आणि सोंडेचा वरचा भाग सर्वांत उंच, तिथे ०. गुडघे आणि हात, ३ मिलिमीटर. कान ५. मुकुटाच्या बाजू ६. वेलीची पानं ४ ते ८. पार्श्वभूमी १२. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या फळीत १२ खाली गेलात तर मागे २६ राहतात, ते पुरेसे आहेत. आकडे लिहिलेले असले की कोरताना प्रत्येक भाग कुठे थांबायचा हे ठरलेलं असतं. नाहीतर सगळंच एका उंचीवर राहतं आणि गणपती लाटण्याखालून काढल्यासारखा दिसतो.

रेषा पट्टीच्या लांबीत आडव्या धावतात, हे लक्षात घेऊन नाजूक भाग ठरवा. उभी, बारीक आणि सुटी गोष्ट रेषांना आडवी येते आणि तुटते. म्हणून सोंडेचं टोक हवेत सोडू नका. ते मोदकाला किंवा पोटाला टेकवा. हातातला परशू खांद्याला चिकटवा. एकदंताचा दात गालातून थोडासाच बाहेर.

टप्पा ५ : कोरणं

क्रम असा. पायरी गाळायची नाही आणि पुढची आधी घ्यायची नाही.

१. कागद कार्बनने उतरवा आणि रेघा बारीक पेन्सिलने गडद करा. पार्श्वभूमीच्या सगळ्या जागा खडूने तिरक्या रेघांनी भरा. ज्यावर खडू तेच काढायचं. वाचायला क्षुल्लक वाटेल, पण वेलीच्या दोन देठांमधली जागा आणि खुद्द देठ यांची गल्लत होऊन चांगल्या पट्ट्या वाया जातात.

२. व्ही पटाशीने आकृतीच्या रेघेबाहेर दोन मिलिमीटर सोडून चर काढा. रेघेवर नाही, बाहेर.

३. मध्यम गोल पटाशीने पार्श्वभूमीचं लाकूड काढा, रेषांना आडवं. आडवं काढलं की पापुद्रा लांब फाटत जात नाही. पहिल्या फेरीत ८ मिलिमीटरपर्यंतच जा.

४. आता रेघेवर उभे काप. आकृतीच्या वळणाशी जुळणारी गोल पटाशी निवडा, तिची धार किंचित आकृतीबाहेर जाईल अशी झुकवून मोगरीचा ठोका द्या. सरळ उभा किंवा आकृतीच्या आत झुकलेला काप दिला तर पायाकडे लाकूड पोखरलं जातं आणि कड ढासळते.

५. पार्श्वभूमी १२ मिलिमीटरपर्यंत खाली न्या. मापायला एक सोपं साधन करा : फूटभर सरळ पट्टीत मधोमध स्क्रू बसवा, त्याचं टोक बरोबर १२ मिलिमीटर बाहेर ठेवा. पट्टी किनारीवर टेकवून फिरवा. स्क्रू अडतो तिथे अजून काढायचं. अडत नाही आणि उजेड दिसतो तिथे जास्त गेलं.

६. आकृतीचे टप्पे पाडा, कागदावरच्या आकड्यांप्रमाणे. कान ५ वर, मुकुटाच्या बाजू ६ वर. या वेळी सगळं चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं आणि नवखा माणूस घाबरून पोट घासायला लागतो. थांबा. सगळे टप्पे पडेपर्यंत काहीही गोल करायचं नाही.

७. मग गोलाई. पोट, सोंड, गुडघे, शेवटी पानं.

८. खालून पोखरून सावली देणं, म्हणजे पानाच्या कडेखाली किंवा कानामागे आत शिरणं, त्यानंतर.

९. डोळे, दागिने, पानांच्या शिरा, मुकुटाचे मणी अगदी शेवटी.

तपासा : पाचव्या पायरीनंतर आणि सातव्या पायरीनंतर पट्टी भिंतीला उभी करा, खोलीत अंधार करा आणि बाजूने टॉर्च धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे खड्डे आणि चढ बाजूच्या उजेडात स्पष्ट दिसतात. पट्टी डोक्याच्या वर बसणार आहे, म्हणून एकदा ती उंचावर ठेवून खालूनही बघा. खालून बघताना पोट चेहरा झाकतं. चेहरा अर्धा-एक मिलिमीटर पुढे झुकलेला ठेवला तर तो दिसतो.

रेषांची दिशा हा यातला सगळ्यात अडवणारा भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. गोल फूल कोरायचंय आणि लाकडाच्या रेषा डावी-उजवीकडे आडव्या आहेत असं धरा. फुलाला घड्याळ समजा. बाहेरची कड साफ करताना १२ वरून ३ कडे आणि १२ वरून ९ कडे या. तसंच ६ वरून ३ कडे आणि ६ वरून ९ कडे. ३ वरून १२ कडे चढायला गेलात की पटाशी लाकडात घुसते आणि पापुद्रा उचलते. आतली गोलाई, म्हणजे खोलगट वाटी किंवा भोक असेल तर बरोबर उलट : ३ आणि ९ वरून सुरू करून १२ आणि ६ कडे. कुठली बाजू बरोबर हे लाकूडच सांगतं. योग्य दिशेने सळसळ आवाज येतो, काप चमकतो. उलट दिशेने कटकट आवाज येतो, पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज होतो. आवाज बदलला की जोर वाढवू नका, बाजू बदला.

आता सोंडेचं टोक. वरून खाली येणारी सोंड रेषांना आडवी असते, आणि टोक वळतं तिथे लाकडाचे धागे जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचे उरतात. बाहेरची गोलाई आधी पूर्ण करा. टोक आणि पोट यांच्या मधलं भोक शेवटपर्यंत भरलेलंच ठेवा. ते पाडताना मोगरी बाजूला ठेवा. सर्वांत बारीक गोल पटाशी हातानेच फिरवत, एका बाजूने अर्धं, दुसऱ्या बाजूने अर्धं. टोकाच्या दिशेने ढकलायचं नाही, टोकापासून सोंडेच्या जाड भागाकडे कापायचं. डाव्या हाताचं बोट टोकाच्या मागे टेकवून ठेवलं तर लाकूड थरथरतंय का ते बोटाला कळतं. थरथरलं की धार लावायची वेळ झाली.

तुटलंच तर? तुकडा शोधा, जमिनीवर चादर असेल तर सापडतो. दोन्ही तुटलेल्या बाजूंना बोट लावू नका, घासू नका. फेव्हिकॉलचा पातळ थर, तुकडा बसवा, चिकटपट्टीने बांधा, चोवीस तास हात लावू नका. ताजा तुटलेला तुकडा असा बसतो की जोड दिसत नाही. भुसा आणि गोंद कालवून भरणी केली तर मात्र त्या जागी पॉलिश चढत नाही, डाग कायमचा राहतो.

टप्पा ६ : साफसफाई आणि पॉलिश

पॉलिशपेपर हत्यारांचं काम पूर्ण संपल्यावरच. मधेच घासलं तर त्याची वाळू लाकडात रुतते आणि पुढच्या कापात धार मारते. सपाट भागांना १२०, १८०, २२० असे पेपर, रेषांच्या दिशेनेच. कोरलेल्या आतल्या भागांना जमेल तितका पेपर लावू नका. पटाशीचा स्वच्छ काप हीच त्याची झळाळी असते. पेपरने पानांच्या कडा बोथट केलेली पट्टी यंत्रावर कोरलेल्यासारखी दिसते, आणि मग गिऱ्हाईक यंत्राचाच दर देतं.

घासताना तोंडाला मास्क हवा, फडकं चालत नाही. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात जाण्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे.

घरातल्या दारावरच्या पट्टीला चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमधे विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश. पातळ हात पाच-सहा, प्रत्येक हात सुकल्यावर ३२० च्या पेपरने हलकं पुसून. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून पहिला हात देण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. पावसाच्या दिवसांत हे पॉलिश करूच नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि वर ज्या पांढऱ्या झाकेचं सांगितलं ती येते. गणेश चतुर्थीच्या ऑर्डरी असल्या तर पॉलिश मे महिन्यातच उरकून पट्ट्या गुंडाळून ठेवा.

बाहेरच्या दाराला, जिथे ऊन आणि पावसाची झड लागते, तिथे लाखेचं पॉलिश टिकत नाही. उकळलेलं जवसाचं तेल द्या, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दोन दिवसांनी पुन्हा. असे तीन हात.

सावध : तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढिगातल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. भुशाने भरलेल्या वर्कशॉपात ही चूक परवडत नाही.

पुढून पॉलिश केलंत तर पाठीलाही किमान दोन हात द्या. एक बाजू बंद आणि एक उघडी राहिली तर पट्टी वाकते.

टप्पा ७ : बसवणं

पट्टीवर भिंतीचा किंवा चौकटीचा भार येता कामा नये. ती चौकटीवर दर्शनी चढवायची असते. रुंदीत लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून ती चारी बाजूंनी खाचेत गच्च बसवू नका आणि पूर्ण पाठीला गोंद लावू नका. वरच्या कडेला दोन स्क्रू घट्ट, खालच्या दोन स्क्रूंची भोकं उभी लांबट. खाच असेल तर वरखाली दोन-दोन मिलिमीटर जागा सोडा. टोकांजवळ खिळा ठोकायचा नाही, आधी सामत्याने, म्हणजे हाताने फिरवायच्या ड्रिलने, भोक पाडा.

टप्पा ८ : दर, नोंदणी आणि वर्षाची आखणी

इथे होणारी चूक लाकडाच्या चुकीपेक्षा महाग पडते, कारण ती दर ऑर्डरीला होते. शेजारच्या गावात कुणी पाच हजार घेतो, म्हणून आपण साडेचार. त्या पाच हजारांत काय काय धरलंय हे कुणीच बघत नाही.

एक नमुना हिशोब, आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. कच्ची फळी ४४ बाय साडेसात बाय २ इंच म्हणजे सुमारे ०.३८ घनफूट. घनफुटाला दर ३,००० रुपये धरला तर लाकूड १,१५०. काम सहा दिवस, ९०० रुपये रोजाने ५,४००. पॉलिश, पेपर, गोंद ३५०. हत्यारांची झीज आणि वीज २००. एकूण ७,१००. वीसात एक काम बिघडतं असं धरून ५ टक्के, म्हणजे ३५५. झाले ७,४५५. यावर १५ टक्के नफा, सुमारे १,१२०. दर जवळजवळ ८,६००. रोज आणि नफा वेगळे आहेत. रोज हाताचा, नफा धंद्याचा. पुढच्या वर्षीचं लाकूड या नफ्यातून येतं.

दिवस अंदाजाने धरू नका. भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्यावर रोज किती तास कोणत्या कामाला गेले ते लिहा. ‘चार दिवसांचं काम’ म्हणून दर दिलेल्या पट्टीला धार लावणं, आराखडा आणि पॉलिश मिळून सात दिवस गेलेले दिसतात.

प्रदर्शनात किंवा दुकानात ३० टक्के कमिशन असेल तर ८,६०० वर ३० टक्के चढवून ११,१८० लावू नका. त्यातून दुकानदार ३,३५४ कापून घेईल आणि तुमच्या हाती ७,८२६ येतील. ८,६०० ला ०.७ ने भागा, दर १२,२८६ येतो.

अर्धी रक्कम आगाऊ घ्या, आणि आराखडा मंजूर झाल्यावरचे बदल वेगळ्या पैशांचे हे आधीच सांगा.

नोंदणीचं थोडक्यात. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, मूर्तिकार आणि बाहुली-खेळणी बनवणारे येतात. प्राथमिक प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अर्ज सामायिक सुविधा केंद्रातून होतो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे घरात आधी ठरवा. व्हाउचर हाती आल्यावर तयार संच उचलण्याची घाई नको. वर टप्पा ३ मधे दिलेल्या पटाश्या त्यात आहेत का बघा.

हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्रही काढा. सरकारी मेळ्यांत गाळा मागताना ते विचारतात. लाकडी खेळणी करत असाल तर त्याचं आणखी एक काम आहे : १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बंधनकारक झालं, आणि या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे.

कोकणातल्या कारागिराचं वर्ष साधारण असं बसतं. दिवाळीनंतर ते मार्च या काळात लाकूड आणणं, चिरणं, रचणं. फेब्रुवारी ते मे सुक्या लाकडाचं कोरीवकाम आणि पॉलिश, चतुर्थी व त्यापुढच्या ऑर्डरींसाठी. जून ते सप्टेंबर शेती सांभाळून आराखडे, हत्यारांची दुरुस्ती आणि फक्त कोरणं, पॉलिश नाही. ऑक्टोबर उघडला की पावसाळ्यात कोरलेल्या पट्ट्या आधी पंधरा दिवस कोरड्या हवेत ठेवायच्या, वाक तपासायची, मग पॉलिशचा पहिला हात.

प्रत्येक पट्टीचा पूर्ण मापाचा कागद, त्यावरचे खोलीचे आकडे आणि कॅलेंडरवरून उतरवलेले तास एका फाइलमधे ठेवा. त्याच घरचं दुसरं दार दोन वर्षांनी येतं, तेव्हा आराखड्याचा एक दिवस वाचतो आणि दर सांगताना मागचे खरे तास समोर असतात.